कात्री आधी, आवड नंतर

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात केस कापणाऱ्या माणसाचं काय काम, असा प्रश्न इथे बसलेल्यांपैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. पण आज आपण एखाद्या वास्तुरचनाकारावर किंवा शिल्पकारावर बोलणार असतो, तर तो इतक्या चटकन आला असता का? नसता आला. छिन्नी दिसली की आपल्याला कला आठवते. कात्री दिसली की आठवतं रविवारचं सलून, समोरचा आरसा आणि मागे लागलेली रांग. हा भेद कुठून आला, त्याकडेही आज जाता जाता बघू.

मुख्य प्रश्न मात्र दुसराच आहे. घरातली मुलं दहावी-बारावीला आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं : तुला कशाची आवड आहे ते आधी शोध, मग त्यातच करिअर कर. ऐकायला फार छान वाटतं. पण या वाक्याच्या पोटात एक गृहीतक आहे. आवड ही आत कुठेतरी आधीपासून तयार असते, जमिनीत पुरलेल्या मोहरांच्या हंड्यासारखी. ती खणून काढायची आणि मग जन्मभर तिच्यावर जगायचं. आम्ही तीन तपं महाविद्यालयात शिकवलं. या वाक्यापायी घायकुतीला आलेली कितीतरी मुलं पाहिली. बिचारी खणून खणून दमतात, हंडा काही लागत नाही, आणि मग त्यांना वाटायला लागतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

म्हणून आज आपण एक असं आयुष्य घेऊ, ज्याला कुणीही डोळे मिटून ‘जन्मभराचा ध्यास’ म्हणेल. ते खरंच तसं होतं का, कसं होतं, हे जरा उलगडून पाहू. त्या माणसाचं नाव व्हिडाल ससून. विसाव्या शतकात केशरचनेच्या धंद्यात ज्यानं सगळं उलटंपालटं केलं, असा हा माणूस.

नाव ऐकल्याबरोबर पुणेकरांना रुग्णालय आठवलं असेल आणि मुंबईकरांना मासळीची गोदी. ते ससून म्हणजे बगदादहून मुंबईत येऊन व्यापारात मोठं झालेलं डेव्हिड ससून यांचं घराणं. आपल्या व्हिडालचे वडील ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरातून लंडनला आलेले. दोघेही ज्यू, आडनाव एक, पण परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक. एका ससूननं रुग्णालयं आणि ग्रंथालयं बांधायला देणग्या दिल्या. दुसऱ्याचा मुलगा अनाथाश्रमात वाढला.

हो, अनाथाश्रमात, आणि तेही आई जिवंत असताना. व्हिडालचा जन्म १७ जानेवारी १९२८ चा, लंडनचा. तो लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आई बेटी, व्हिडाल आणि धाकटा भाऊ आयव्हर, असे तिघं लंडनच्या ईस्ट एंड या गरीब भागात मावशीच्या दोन खोल्यांत राहायला आले. आपल्या गिरणगावातली चाळ डोळ्यांसमोर आणा. संडास बाहेर, चार बिऱ्हाडांत मिळून एक. तिथेही निभेना, तेव्हा आईनं आधी व्हिडालला आणि पुढे धाकट्यालाही ज्यू समाजाच्या एका अनाथाश्रमात ठेवलं. भेट ठरावीक दिवशीच, महिन्यातून एकदा. अशी काही वर्षं गेली. पुढे दुसरं महायुद्ध सुरू झालं, लंडनमधली मुलं खेड्यापाड्यांत हलवली गेली, त्यांत हाही गेला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली.

आता ऐका. या मुलाला केस कापायची आवड होती का? अजिबात नव्हती. त्याला फुटबॉल खेळायचं होतं. केशकर्तन ही आईची कल्पना. मुलगा कुठल्याशा केशकर्तनालयात काम करतोय असं तिच्या मनानं घेतलं होतं, आणि त्याला काहीतरी हातचं काम लागावं, ही त्यामागची साधी निकड होती. १९४२ साली ती त्याला घेऊन व्हाइटचॅपल रोडवर अ‍ॅडॉल्फ कोहेन यांच्या दुकानात गेली. कोहेनना सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत. आमच्यासारख्यांना ही पदवी मिळवायला प्रबंध लिहावा लागतो, त्यांना ती कात्रीनं मिळवून दिली होती. उमेदवारीची फी होती शंभर गिनी, म्हणजे एकशे पाच पौंड. मायलेकरांकडे तेवढे पैसे कुठले? आभार मानून दोघं निघाली. निघताना मुलानं टोपीला हात लावला, आईसाठी दार उघडून धरलं. कोहेननी ते पाहिलं आणि परत बोलावलं. मुलगा रीतभात पाळणारा आहे, फी राहू दे, सोमवारपासून येऊ दे. पुढे ससून हा किस्सा आवडीनं सांगत असे.

म्हणजे सुरुवात झाली ती आवडीनं नाही, दार उघडून धरण्यानं झाली!

कोहेनच्या दुकानातली शिस्त कडक होती. पॅंटला इस्त्री हवी, बूट चमकले पाहिजेत, नखं स्वच्छ हवीत. ते लंडन युद्धातलं होतं, बरं का. रात्री बॉम्बच्या भीतीनं लोक भुयारी आसऱ्यात झोपायचे. तिथे पोरं पॅंट घडी घालून गादीखाली ठेवत, म्हणजे सकाळी घडी मोडलेली दिसायची नाही. काम काय, तर डोकी धुणं, जमीन झाडणं, टॉवेल वाळवणं. कात्री बऱ्याच उशिरा हातात येते. आपल्याकडच्या कुठल्याही कारागिराला विचारा, सोनाराला, शिंप्याला, तबला शिकणाऱ्याला, तो हेच सांगेल. पहिली काही वर्षं तुम्ही काम शिकत नाही, कामाच्या आसपास राहायला शिकता.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात सांगतो. युद्ध संपल्यावर लंडनच्या रस्त्यांवर फॅसिस्ट पुन्हा सभा भरवू लागले. त्यांच्याशी हातघाई करणारा ज्यू तरुणांचा एक गट होता, ‘४३ ग्रुप’ नावाचा. ससून त्यात होता. १९४८ मध्ये तो इस्रायलला जाऊन तिथल्या युद्धात लढलाही. या गोष्टींवर स्वतंत्र बोलता येईल, त्यांचे राजकीय पैलू गुंतागुंतीचे आहेत, आज त्यात शिरत नाही. आपल्यापुरतं एवढंच लक्षात ठेवायचं की विशीतल्या या मुलाचं जग कंगवा-कात्रीपुरतं नव्हतं, आणि तिथून परत आल्यावर त्यानं पुन्हा तेच काम हाती घेतलं. पहिल्यांदा आईनं धाडलं होतं. या खेपेला तो स्वतः गेला.

पण जाणार कुठे? चांगली, महागडी दुकानं लंडनच्या पश्चिम भागात, वेस्ट एंडमध्ये. याची बोली ईस्ट एंडची, कॉकनी. तोंड उघडलं की माणूस कुठला ते कळायचं, आणि दार बंद व्हायचं. कामावर शंका नव्हती हो, उच्चारांवर होती. मग हा पठ्ठ्या उच्चार सुधारण्याच्या शिकवण्या लावतो, नाटकं पाहतो, नटांचं बोलणं कान देऊन ऐकतो. आपल्याकडे ‘न’ आणि ‘ण’ वरून माणसं कशी जोखली जातात, हे इथे कुणाला सांगायला नको. ‘पाणी’ म्हणता येतं की ‘पानी’ म्हणतो, एवढ्यावर हुशारी ठरवणारे महाभाग आपण सगळ्यांनी पाहिलेत.

शेवटी मेफेअर भागातल्या रेमंड बेसोन यांच्याकडे त्याला काम मिळालं. रेमंड हे बडं प्रस्थ, दूरचित्रवाणीवर झळकणारं, भडक पोशाखाचं. पण हातात कात्री आली की हा माणूस विलक्षण होता, आणि कापणं म्हणजे काय हे आपण रेमंडकडे शिकलो, असं श्रेय ससूननं नेहमी दिलं. १९५४ मध्ये त्यानं बॉण्ड स्ट्रीटवर स्वतःचं छोटं दुकान उघडलं.

आता जरा तांत्रिक भागात शिरू. या माणसानं नेमकं काय केलं, हे कळल्याशिवाय पुढचा विचार हवेत राहील.

१९५० च्या दशकात इंग्लंडमधली मध्यमवर्गीय बाई आठवड्याला एकदा दुकानात जाई. केस धुवायचे, ओल्या केसांच्या बटा रोलरवर गुंडाळायच्या, डोक्यावर घंटेसारखं गरम हवेचं यंत्र घेऊन बसून राहायचं. वाळल्यावर केस उलटे विंचरून फुगवायचे आणि वरून लॅकरचा फवारा मारायचा. झालं शिरस्त्राण तयार. ते आठवडाभर सांभाळायचं, झोपताना जाळी बांधायची, पावसात जायचं नाही, पोहायचं तर नावच नको.

यात पदार्थविज्ञान आहे. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन, टाळूच्या बाहेर आला की तो निर्जीवच. केराटिनच्या साखळ्या एकमेकींना अनेक प्रकारच्या बंधांनी धरून असतात. त्यातले हायड्रोजनचे बंध दुबळे. पाणी लागलं की सुटतात आणि वाळताना, केस ज्या आकारात असेल त्या आकारात, पुन्हा जुळतात. म्हणून ओली बट रोलरवर वाळवली की वळण येतं. आणि म्हणूनच पुन्हा पाणी लागलं, हवा दमट झाली, की ते वळण जातं. आपल्याकडे जुलै महिन्यात हे कुणीही अनुभवावं. दुसरे असतात गंधकाचे बंध, ते बळकट. ते पाण्यानं सुटत नाहीत, रसायनानं तोडून पुन्हा जोडावे लागतात. ‘पर्म’ करतात म्हणजे हेच करतात.

तर, रोलरनं दिलेला आकार हा उसना असतो. तो केसांवर वरून बसवलेला असतो, केसांत नसतो. ससूनचा प्रश्न इतकाच होता की आकार केसांच्या आतच ठेवता येईल का? धुतल्यावरही जो जाणार नाही असा?

उत्तर त्यानं कात्रीत शोधलं. प्रत्येक केस अशा लांबीला कापायचा की तो आपोआप शेजारच्या केसांवर, आपल्या जागी येऊन पडला पाहिजे. डोकं हलवलं, केस उडाले आणि परत तिथेच आले. धुतले, वाळवले, परत तिथेच आले. यासाठी डोक्याचे लहान लहान भाग पाडायचे. एकेका भागातली बट विंचरून तर्जनी आणि मधल्या बोटात सारख्या ताणानं धरायची, बोटांच्या कडेनं कापायची. पहिली कापलेली बट ही मापाची, पुढची तिच्याशी जुळवायची. बट डोक्यापासून किती अंशांत उचलून कापता, यावर सगळं अवलंबून. न उचलता, खाली सरळ धरून कापली, तर सगळं वजन खालच्या कडेला जमतं आणि कड दोरी धरल्यासारखी रेखीव येते. बॉबकट तो हाच. उचलून कापली तर थर पडतात. त्यातही भोवरा कुठे आहे, मानेवरची लव कुठल्या दिशेनं वाढते, जबड्याचं हाड कसं आहे, कवटी मागे सपाट आहे की गोल, हे आधी बोटांनी वाचायचं. आणि केस महिन्याला सुमारे एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे आज रेखलेली रेघ दीड-दोन महिन्यांनी कुठे गेलेली असेल, याचाही अंदाज बांधायचा.

ऐकून तुम्हाला ही भूमिती वाटली असेल, तर बरोबर आहे. ससूनला वास्तुकलेचं वेड होतं. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेचा विचार त्याला पटलेला होता : वस्तूचा आकार तिच्या उपयोगातून यावा, वरून नक्षी चिकटवू नये. पुन्हा जन्म मिळाला तर वास्तुरचनाकार होईन, असं तो म्हणत असे. एका अर्थी त्यानं याच जन्मात ते काम केलं, फक्त पायाभरणी कवटीवर केली.

हे एका दिवसात झालं नाही. दुकान उघडलं १९५४ मध्ये, आणि ज्या कामानं त्याचं नाव झालं ते १९६३-६४ मधलं. म्हणजे जवळपास नऊ-दहा वर्षं तो चाचपडत होता. मिनीस्कर्टमुळे गाजलेली पोशाखकार मेरी क्वांट आणि तिच्या मॉडेल मुली यांचे केस त्यानं कापले. हाँगकाँगची अभिनेत्री नॅन्सी क्वान हिचे लांबसडक केस त्यानं १९६३ मध्ये हनुवटीपर्यंत आणले, मागे आखूड, पुढे लांब. टेरेन्स डोनोव्हन यांनी काढलेलं तिचं छायाचित्र जगभर गेलं. १९६४ चा ‘फाइव्ह पॉइंट’ कट म्हणजे तर शुद्ध भूमितीच : दोन कानांपुढे दोन टोकं आणि मानेवर तीन. बॉब आधीही होता, १९२० च्या दशकात त्याची लाट येऊन गेली होती. नवं होतं ते हे की आता तो नुसता आखूड केस राहिला नाही, त्याला रचना आली.

या काळात त्याच्या खुर्चीत बसून जुनी फुगवलेली धाटणीच मागणाऱ्या गिऱ्हाइकांना तो नकार द्यायला लागला. धंद्याच्या हिशेबानं हा वेडेपणा. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं हा क्षण महत्त्वाचा आहे. चौदाव्या वर्षी ज्याला या कामात रस नव्हता, तो तिशीत त्याच कामासाठी येणारा पैसा परत पाठवतो. ही आवड कुठून आली? हंड्यातून नाही आली.

इथे आपल्या मदतीला अ‍ॅरिस्टॉटल येतो. माणसाचे गुण घडतात कसे, याची चर्चा करताना तो कारागिराचं उदाहरण घेतो. घरं बांधत बांधत माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवत वाजवत वादक होतो, आणि तसाच न्यायानं वागत वागत न्यायी होतो. आधी गवंडीपण मिळालं आणि मग घर बांधायला घेतलं, असं होत नाही. आम्हाला यात एक भर घालावीशी वाटते. कौशल्याचं जे आहे, तेच प्रेमाचंही आहे. एखाद्या कामातले बारकावे दिसायला लागल्याशिवाय त्यावर प्रेम बसत नाही, कारण प्रेम बसायला काहीतरी दिसावं लागतं. नवशिक्याला केस दिसतात. दहा वर्षांनी वजन दिसतं, दिशा दिसते, हाड दिसतं. बारकावा दिसला की तो छळायला लागतो, आणि या छळालाच आपण पुढे ‘ध्यास’ असं गोंडस नाव देतो.

थांबा. इथे कुणी चलाख माणूस उठून म्हणेल, सर, मग बरंच झालं की! आवड नंतर येते म्हणता ना? मग बापाचा धंदा मुलानं निमूटपणे करावा, कामं जन्मानं वाटलेली होती तेच शहाणपणाचं होतं, करता करता आवडलं असतं सगळ्यांना. हा युक्तिवाद आपल्याकडे नुसता करून थांबलेले नाहीत, तो शतकानुशतकं राबवला गेला आहे. त्याला ‘स्वधर्म’ वगैरे भारदस्त नावंही दिली गेली. म्हणून त्याचा सरळ समाचार घ्यायला हवा.

आपल्या गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. खांद्याला धोकटी, तीत वस्तरा, कात्री, नराणी, आरसा, वाटी. वर्षाकाठी धान्याच्या रूपात बलुतं. शिवाय गावातल्या लग्नाकार्यात ठरलेली कामं वेगळीच. हात कुणाहून कमी होते असं नाही. चालत्या वस्तऱ्याखाली गावानं गळा द्यायचा, एवढा भरवसा त्या हातांवर. आणि तरी भाषेत काय उरलं पाहा : ‘बिनपाण्यानं करणं’ म्हणजे फजिती करणं, आणि ‘हजाम’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरला. ज्याच्या हाती मान द्यायची, त्याला मान द्यायचा नाही! सुरुवातीला आपण जो कात्री-छिन्नीचा भेद पाहिला, त्याचं मूळ इथे आहे. काम हलकं म्हणून माणूस हलका ठरला नाही. माणूस आधी हलका ठरवला, मग त्याचं काम हलकं झालं.

त्यातूनही सेना महाराजांसारखा संत उभा राहिला, ज्यानं आपल्याच धंद्यातल्या वस्तूंचं रूपक करून अभंग रचले. याचा अर्थ, बांधलेल्या कामातही माणूस अर्थ निर्माण करू शकतो. पण त्यामुळे ते बांधणं योग्य ठरत नाही. तुरुंगात चांगली पुस्तकं लिहिली गेली म्हणून कुणी तुरुंगाची शिफारस करत नाही.

मग ससूनच्या आणि बलुतेदाराच्या परिस्थितीत नेमका फरक कोणता? दोघांनीही काम निवडलं नव्हतं. फरक पुढचा आहे. ससून ते काम सोडू शकत होता. ते करत असताना ‘नाही’ म्हणू शकत होता. आणि मुख्य म्हणजे, काम कसं करायचं हे तो बदलू शकत होता. अ‍ॅरिस्टॉटलच्या गवंड्याला आपल्याला एवढी पुस्ती जोडावीच लागेल. करत राहिल्यानं सवय लागते, हे खरं. पण त्या सवयीचं प्रेम तेव्हाच होतं, जेव्हा करणाऱ्याला कामात स्वतःचा निर्णय घालता येतो. नाहीतर उरतो तो नुसता सराव, हात चालतात आणि मन बाजूला बसून राहतं.

आणि ‘नाही’ म्हणण्याची गोष्ट निघाली, तर आपल्याच नाभिकांनी म्हटलेलं एक ‘नाही’ ससूनच्या नकारापेक्षा कितीतरी मोठं आहे. उच्चवर्णीय विधवांच्या केशवपनाची चाल तुम्हाला माहीत आहे. नवरा गेला की बाईचं डोकं भादरायचं. ते करायला हात लागायचे ते न्हाव्याचे. १८९० च्या सुमारास सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतले नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. लोखंडे हे गिरणी कामगारांचे आद्य पुढारी, त्यांनी हेही काम केलं हे फारसं सांगितलं जात नाही. विचार करा, पोट ज्यांच्यावर अवलंबून, त्यांनाच नकार! ससूननं एका धाटणीला नकार दिला, यांनी क्रौर्याला दिला. दोन्ही एका पारड्यात घालू नका. पण दोन्हीकडे कात्री धरणाऱ्यानं हे म्हटलं की हात माझा आहे, तेव्हा तो कशासाठी चालेल हे ठरवण्यात माझाही वाटा आहे.

असो. पुन्हा लंडनला जाऊ.

१९६५ मध्ये ससूननं न्यूयॉर्कमध्ये दुकान उघडलं. प्रसिद्धी आता वेगळ्याच पायरीवर पोचली. ‘रोझमेरीज बेबी’ हा रोमान पोलान्स्कीचा चित्रपट १९६८ चा. त्यासाठी अभिनेत्री मिया फॅरोचे केस कापायला ससूनला लंडनहून बोलावलं, पाच हजार डॉलर दिले, आणि स्टुडिओत मुष्टियुद्धाच्या आखाड्यासारखा मंच उभारून पत्रकारांसमोर ते केस कापवले. मौज अशी की फॅरोनं पुढे सांगितलं, माझे केस मी आधीच नखं कापायच्या कात्रीनं कापून टाकले होते, ससूननं फक्त नीट केले. म्हणजे जगातला सगळ्यात गाजलेला केशकर्तनाचा प्रयोग हा बऱ्याच अंशी प्रयोगच होता, नाटकातला. या प्रसंगाला आम्ही कौशल्याचा कळस मानत नाही. तो बाजाराचा कळस.

त्याच्या खऱ्या कर्तृत्वाचा भाग वर्तमानपत्रांत कमी आला, तो म्हणजे त्यानं काढलेल्या शाळा. त्याची पद्धत शिकवता येण्यासारखी होती. कुठला भाग आधी, किती अंशांत उचलायचा, ताण किती, हे सगळं सांगता येत होतं, आखून दाखवता येत होतं. अ‍ॅरिस्टॉटल एके ठिकाणी म्हणतो की जाणणाऱ्याची खूण ही की त्याला शिकवता येतं. नुसता अनुभव असलेल्याला ते जमत नाही. आपल्याकडे विद्या मुठीत ठेवणारे गुरू थोडे झाले नाहीत. शेवटचा डाव शिष्याला सांगायचा नाही, ही तर जुनी रीत. ससूननं मूठ उघडली. आज आपल्या तालुक्याच्या गावी पार्लरचा कोर्स करणारी मुलगी ‘सेक्शन घे, गाइडलाइन धर’ असं शिकते, तेव्हा तिला हे नाव माहीत असतंच असं नाही, पण तिच्या बोटांत त्या पद्धतीचा अंश उतरलेला असतो.

आता नावाचीच गोष्ट. १९७० च्या दशकात शाम्पू, कंडिशनर असा माल त्याच्या नावानं निघू लागला. तो अमेरिकेत स्थायिक झाला, दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींत स्वतः दिसू लागला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा व्यवसाय त्यानं रिचर्डसन-व्हिक्स या कंपनीला विकला, आणि ती कंपनी १९८५ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलनं घेतली. पुढे २००३ मध्ये ससून न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं असं की कंपनीनं आपल्या दुसऱ्या मालाकडे लक्ष देऊन माझ्या नावाचा माल दुर्लक्षानं मारला. पुढे तो वाद तडजोडीनं मिटला.

आम्हाला या खटल्यात कोण बरोबर यापेक्षा दुसरंच काहीतरी विचारात पाडतं. कोहेनच्या दुकानात चौदा वर्षांचा मुलगा होता, तेव्हा त्याला नाव नव्हतं, फक्त हात होते. तिशीत हातांमुळे नाव झालं. मग नाव हातांपासून सुटलं, विकता आलं, बाटलीवर छापता आलं. आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्याच नावासाठी वकील लावावा लागला. विकलेल्या वस्तूवर माणसाचा हक्क किती राहतो, हे कायदा ठरवील. पण इथे विकलेली वस्तू म्हणजे त्याचं नाव होतं. मार्क्स म्हणतो की कामगाराचं श्रमफळ त्याच्यासमोर परकं होऊन उभं राहतं. ते त्यानं गिरणी-कारखान्यातल्या मजुरासंबंधी म्हटलं. इथे कारागीर श्रीमंत आहे, स्वतः विकणारा आहे, कुणी जबरदस्ती केलेली नाही, आणि तरी परकेपणा यायचा तो आलाच. सौंदर्याच्या उद्योगात शिरणाऱ्या मुला-मुलींनी हा भाग जरूर वाचावा. स्वतःचं नाव ‘ब्रँड’ करा, असा सल्ला आज त्यांना पहिल्या दिवसापासून दिला जातो, हातांत काही यायच्या आधीच.

ससून ९ मे २०१२ रोजी लॉस एंजेलिसला वारला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. शेवटची वर्षं तो ज्या घरात राहत होता, ते रिचर्ड नॉयत्रा या वास्तुरचनाकारानं १९५० च्या दशकात बांधलेलं होतं. ते ससून दांपत्यानं घेतलं आणि दुरुस्त करवलं. लांब आडव्या रेषा, सपाट छत, काचेच्या भिंती, नक्षी कुठे नाही. त्या घराचं छायाचित्र आणि १९६३ मधलं नॅन्सी क्वानचं छायाचित्र आम्ही आज सोबत आणलं आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. पहिल्या रांगेतून मागे फिरवत न्या, तोवर आपण प्रश्नांकडे वळू.